उपग्रहाची मोजणी आणि शेताचा बांध

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात साखरा गाव आहे. समजा, आपण तिथल्या शिवारात, आपल्या सोयाबीनच्या तुकड्यात उभे आहात. मोबाईलच्या नकाशावर एक निळा ठिपका दिसतो आणि आपली जागा सांगतो. मग साहजिकच मनात येते, की शेजाऱ्याने बांध कोरला की नाही, हेही हाच ठिपका सांगेल. सांगेल का? जरा नीट पाहू या.

पावसाळ्यात आधी वीज चमकते, गडगडाट मागाहून येतो. मधल्या वेळावरून वीज किती लांब पडली याचा आपण अंदाज बांधतो. उपग्रहाची युक्ती याच जातीची. अमेरिकेच्या जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सारखे सांगत असतात, 'मी अमुक ठिकाणी आहे, वेळ अमुक आहे.' संदेश पोचायला लागलेल्या वेळावरून अंतर निघते. तीन उपग्रहांवरून जागा कळते. आपल्या यंत्राच्या घड्याळातली चूक काढायला चौथा लागतो. कारण सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरांचा फरक पडतो! भारतानेही २०१३ पासून या कामासाठी आपले उपग्रह सोडले. त्या व्यवस्थेचे नाव 'नाविक'.

आता खरी मेख इथे आहे. वातावरणातून येताना संदेशाला किंचित उशीर होतो, झाडाझुडपांत तो अडतो. त्यामुळे साध्या मोबाईलचा ठिपका चार-पाच मीटर इकडेतिकडे सरकतो. रस्ता शोधायला एवढे पुष्कळ झाले. पण १०० मीटर लांबीचा बांध ५ मीटर सरकवून पाहा. ५०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पाच गुंठे जमीन इकडची तिकडे झाली! एवढ्यावरून तर पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्या चालतात.

म्हणून भूमी अभिलेख खात्याचे मोजणीदार 'रोव्हर' नावाचे यंत्र आणतात. ज्यांची जागा अगदी नेमकी ठाऊक आहे अशी कायमची केंद्रे भारतीय सर्वेक्षण विभागाने उभारली आहेत. उपग्रहाच्या सांगण्यात त्या घडीला किती चूक आहे, हे केंद्राला कळते. ती दुरुस्ती मोबाईलच्या जाळ्यावरून रोव्हरला मिळते आणि चूक मीटरांवरून काही सेंटिमीटरांवर येते. पूर्वी साखळी ओढून जे काम करायला फार वेळ लागे, ते आता पुष्कळ लवकर उरकते.

मग साधा मोबाईल शेतकऱ्याच्या कामाचाच नाही का? आहे तर! १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढला, की जागेचे अक्षांश-रेखांश त्याबरोबर जातात आणि पेरा सातबारावर चढतो. पूर्वी हा पेरा तलाठी लिहीत. नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी अशा वेळी हीच नोंद उपयोगी पडते. तेव्हा हे काम घरात बसून करू नये. शेताच्या मधोमध, मोकळ्या आभाळाखाली उभे राहावे.

मात्र एक गोष्ट विसरू नका. आपण कुठे उभे आहोत, एवढेच उपग्रह सांगतो. हद्द कुठे आहे, ते सांगत नाही. हद्द ठरते जुन्या नकाशावरून, आणि तो नकाशा जमिनीवर बसवायचा तर जुने दगड, विहीर, पाणंद अशा खुणाच शोधाव्या लागतात. दगडच उपटून टाकला, तर उत्तम यंत्रही बिचारे काय करील? हद्दीच्या खुणा राखण्याची जबाबदारी १९६६ च्या जमीन महसूल संहितेने खातेदारावरच टाकली आहे.

तेव्हा मोबाईलचा ठिपका पाहून शेजाऱ्याशी वाद घालू नका. रीतसर मोजणीचा अर्ज करा, मोजणीच्या दिवशी दोघेही हजर राहा, आणि नांगर फिरवताना हद्दीचा दगड तेवढा सांभाळा.