जखडलेला जबडा आणि संगणकाची नजर

निरोगी माणसाला स्वतःची तीन बोटं उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये घालता येतात. हे अंतर साधारण ४० मिलिमीटर भरतं. जबडा जखडलेल्या मुलाच्या दातांत कधी कधी चमचाही शिरत नाही. सुरुवात बहुतेकदा लहानपणी हनुवटीवर पडण्याने होते. मार हनुवटीला लागतो, मोडतो मात्र कानापुढचा सांधा. तिथे रक्त साकळतं, दुखतं म्हणून मूल तोंड हलवत नाही, आणि हळूहळू खालचा जबडा कवटीला हाडानेच जोडला जातो. वाढत्या वयात हे घडलं तर हनुवटी मागे राहते, जीभ घशाकडे सरकते, झोपेत श्वास अडखळतो. भूल देतानाही तोंडातून नळी घालता येत नाही. बारीक दुर्बिणीच्या आधाराने ती नाकातून न्यावी लागते.

यावर शस्त्रक्रियेला पर्याय नाही. जुळलेलं हाड काढायचं आणि पुन्हा जुळणार नाही एवढी फट ठेवायची. कठीण आहे ते किती कापायचं हे ठरवणं. वर कवटीचा तळ, त्याच्या पलीकडे मेंदू. आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी. बाहेरून भुवई उचलणाऱ्या, डोळा मिटवणाऱ्या नसेच्या फांद्या. सांध्याच्या जागी हाडाचा एकच गोळा झालेला असल्याने ओळखीची खूण उरत नाही. हात आखडता घेतला तर हाड पुन्हा जुळतं, पुढे गेला तर जिवावर बेततं. सीटी स्कॅनवरून कवटीची त्रिमितीय प्रतिमा करून कापाची रेषा आधीच आखता येते. मग शस्त्रक्रियेत इन्फ्रारेड कॅमेरा हत्यारावरच्या खुणा टिपतो आणि टोक कुठे पोचलं ते पडद्यावर दिसतं. या आधारावर छेद लहान ठेवता येतो, पण या तंत्राचं मोल लहान व्रणात शोधू नये, असं मला वाटतं. छेद लहान केला की हाड कमी दिसतं आणि नको असलेला तुकडा मागे राहू शकतो. ती उणीव पडदा भरून काढत असेल, तरच लहान छेद रास्त ठरतो.

अनुभवी सर्जन विचारतील, संगणकाशिवाय आम्ही हेच करत आलो, मग हा खर्च कशाला? पहिल्याच आणि एका बाजूच्या साध्या जोडणीत त्यांचं म्हणणं मान्य करायला हवं. पण हाड पुन्हा जुळलेलं असेल, किंवा गोळा कवटीच्या तळाला भिडला असेल, तिथे अनुभवालाही आधार लागतो. अर्थात पडद्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. एखाद-दोन मिलिमीटरची चूक गृहीत धरावी लागते, आणि खालचा जबडा हलता असल्याने तो स्कॅनच्या वेळच्या स्थितीतून सरकला की त्याचं चित्र खोटं ठरतं. शिवाय तोंड न उघडण्याचं प्रत्येक कारण सांध्यात नसतं. सुपारी-गुटख्याने गालांच्या आतलं अस्तर आवळतं, तिथे हाडाचा नकाशा फारसा कामाचा नाही. महाराष्ट्रात २०१२ साली आलेली गुटखाबंदी नीट राबवली तर जास्त जबडे वाचतील. आणि हाड कितीही अचूक काढलं, तरी पुढे कित्येक महिने रोज, रडत का होईना, तोंड उघडण्याचा व्यायाम करावा लागतो. तो थांबला की फट बुजू लागते. शस्त्रक्रियेच्या खर्चात फिजिओथेरपीच्या फेऱ्या आणि गावाहून येण्याजाण्याचं भाडंही धरायला हवं, आणि यशाचा आकडा टेबलावर नव्हे, वर्षभरानंतर दातांमध्ये पट्टी धरून मोजायला हवा.