रविवारी वसूल होणारा कर

सिडकोने वसविलेल्या वाशी-नेरुळच्या मध्यमवर्गीय घरांत संगणकाचे अप्रूप आता उरलेले नाही. उरली आहे ती त्याची उस्तवार. यंत्र मंदावते, अडते आणि अखेर त्यातील ऑपरेटिंग सिस्टिम पुसून नव्याने बसवावी लागते. ती तासाभरात बसतेही. परंतु प्रिंटरचा ड्रायव्हर, मराठी टंकलेखनाची सोय, परवान्यांचे क्रमांक हे सारे एकेक करून जुळविताना रविवार मावळतो. आधी प्रत काढून ठेवली नसेल, तर मुलांची छायाचित्रेही जातात. काही महिन्यांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!

हे श्रम कोणत्याच हिशेबात धरले जात नाहीत. खरेदीची किंमत पावतीवर छापलेली असते. देखभालीची किंमत मात्र ग्राहकाच्या वेळेतून परस्पर वसूल होते. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज 10'चे सर्वसाधारण साहाय्य थांबविले. 'विंडोज 11'ला टीपीएम 2.0 हा सुरक्षा-घटक लागतो. तो नसलेली धडधाकट यंत्रेही त्यामुळे अपात्र ठरली.

लिनक्सचा मार्ग खुला आहे. सी-डॅकची 'बॉस' प्रणालीही त्यावरच आधारलेली आहे. परंतु ती शिकण्यासही वेळ लागतोच. म्हणून सुरक्षा-सुधारणा किती वर्षे मिळतील, हे विक्रीच्या वेळीच पावतीवर लिहून मागणे हा ग्राहकाचा हक्क मानला गेला पाहिजे. ज्याची किंमत आधी सांगितली जात नाही, तो व्यवहार नव्हे. तो करच होय.