दिव्यांग लेकरू आणि शाळेतली अम्मीची खुर्ची

'आमच्या लेकराला शाळेत कोण सांभाळणार?' नांदेड-लातूरच्या मोहल्ल्यांत हा सवाल अजून ऐकू येतो. दिव्यांग हक्क कायदा 2016 प्रमाणे 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळा जवळची घ्यायची की विशेष, ते घरच्यांनी ठरवायचं.

जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला लागतात. पण कागद मराठीत, मग अम्मी सही करून गप्प! समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक रोज येत नाहीत. रोजचा सराव घरीच होतो. तो आईला तिच्या बोलीत समजावायला बचत गटाच्या आपा, अंगणवाडीताई हव्यात. आणि सभेची तारीख मौलानांनी जुम्याला सांगितली, तर अब्बूही येतील.