लाइट परत आली, तरी मशीन बंदच राहायला हवे! घरगुती ‘सीएनसी’चा कंट्रोल बॉक्स कसा जोडावा?

डहाणू तालुक्यातील चिंचणी-वाणगाव परिसर दागिन्यांच्या ‘डाय’साठी ओळखला जातो. हाताने नक्षी कोरण्याच्या या कामात आता संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रेही आली आहेत. हौशी मंडळी तर सुटे भाग मागवून घरीच छोटे सीएनसी जोडतात. पोलादाची डाय कापणे त्याच्या आवाक्याबाहेरचे. पण लाकडावर किंवा एमडीएफवर वारली चित्र कोरायला ते पुरते. व्हिडीओ पाहून सांगाडा उभा राहतो. गडबड होते ती कंट्रोल बॉक्सच्या वायरिंगमध्ये.

बॉक्समध्ये काय असते?

230 व्होल्टचे 24 किंवा 36 व्होल्ट डीसी करणारा एसएमपीएस, प्रत्येक मोटरसाठी ड्रायव्हर आणि ‘जीआरबीएल’ हे मोफत सॉफ्टवेअर चालवणारा आर्डुइनोसारखा कंट्रोलर. नेहमीची स्टेपर मोटर एका फेऱ्यात 200 पावले टाकते. ड्रायव्हरने एका पावलाचे 16 भाग केले आणि स्क्रू एका फेऱ्यात 5 मिमी सरकत असेल, तर 1 मिमीसाठी 640 पल्स लागतात. कंट्रोलर फक्त पल्स पाठवतो. मोटर खरेच हलली का, हे त्याला कळत नाही. म्हणून स्पिंडलची वायर सिग्नलच्या वायरींपासून लांब ठेवावी.

लाइट गेली तर?

डहाणू-तलासरीत पावसाळ्यात हा प्रश्न रोजचाच. स्पिंडल थांबतो, भुसा झाडायला हात आत जातो आणि तेवढ्यात लाइट येते. स्विच चालूच राहिला असेल, तर स्पिंडल लगेच फिरू लागतो.

यावर उपाय म्हणजे कॉन्टॅक्टर. हिरवे बटण दाबले की तो लागतो आणि स्वतःच्याच एका पॉइंटवरून धरून राहतो. वीज गेली की सुटतो. पुन्हा बटण दाबेपर्यंत लागत नाही. शेतातल्या पंपाच्या स्टार्टरमध्ये हेच असते. तिथे शेतकरी ‘ऑटो’ बसवतात, इथे तो चुकूनही नको.

लाल इमर्जन्सी बटण याच कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वायरीत ‘नॉर्मली क्लोज’ जोडावे. वायर तुटली तरी मशीन थांबते. अनेक जण ते फक्त कंट्रोलरच्या रिसेटला जोडतात; मग प्रोग्राम थांबतो, पण वेगळ्या स्विचवरचा स्पिंडल फिरतच राहतो.

आणखी काय सांभाळावे?

एमसीबी वायर वाचवतो. माणसासाठी 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी हवा. धातूचा बॉक्स आणि मशीनचा सांगाडा, दोन्हींना अर्थिंग द्यावे. खाऱ्या हवेत पिळून जोडलेल्या तारा लवकर खराब होतात, लग लावावेत. सप्लाय चालू असताना मोटरची वायर काढली, तर ड्रायव्हर जळू शकतो. 230 व्होल्टची बाजू परवानाधारक वायरमनकडूनच तपासून घ्यावी.

शेवटी टूल काढून स्पिंडल चालू करावा, मेन स्विच पाडावा आणि मिनिटभराने पुन्हा वर करावा. स्पिंडल आपोआप फिरला, तर वायरिंग चुकले आहे.