लक्झेंबर्ग म्हणजे नुसत्या बँका नव्हेत

लक्झेंबर्गचे नाव निघाले की बँका, श्रीमंती आणि जेमतेम शहराएवढा देश असे चित्र उभे राहते. फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियम यांनी वेढलेला हा देश २,५८६ चौरस किलोमीटरचा, म्हणजे गोव्याहून लहान आहे, हे खरे. पण राजधानीबाहेरही बराच देश उरतो. उत्तरेला आर्देनचा जंगलाचा डोंगराळ भाग, दक्षिणेला लोहखनिजाची लाल माती, पूर्वेला मोझेल नदीकाठचे द्राक्षमळे. ज्याच्या नावाचा व्हिसा काढून आपले पर्यटक युरोप फिरतात, ते शेंगेन याच नदीकाठचे खेडे. सीमांवरची तपासणी उठवण्याच्या करारावर १९८५ साली तिथे, नदीतल्या जहाजावर सह्या झाल्या.

बँकांचा जोर तसा अलीकडचा. त्याआधी अनेक दशके देश पोसला तो पोलादाने. आर्सेलर-मित्तल या बड्या पोलाद कंपनीचे मुख्यालय आजही इथेच आहे, आणि बेल्व्हालच्या बंद पडलेल्या झोतभट्ट्यांशेजारी आता विद्यापीठ भरते.

लोकसंख्या पावणेसात लाखांच्या आसपास. त्यांतले जवळपास निम्मे परदेशी नागरिक, आणि त्यांत सर्वाधिक पोर्तुगीज. शिवाय शेजारच्या तीन देशांतून दोन लाखांहून अधिक माणसे इथे कामाला येतात.

सर्वांत चिवट गैरसमज भाषेचा आहे. ‘तिथे फ्रेंच आणि जर्मन बोलतात, स्वतःची अशी भाषा नाही,’ असे सर्रास सांगितले जाते. फ्रेंच आणि जर्मन तिथे रोजच्या वापरात आहेत, पण लक्झेंबर्गी ही या लोकांची स्वतःची भाषा आहे, आणि तिच्यासाठी त्यांनी जिवाची जोखीम पत्करली आहे. ऑक्टोबर १९४१ मध्ये नाझी राजवटीने जनगणनेत राष्ट्रीयत्व, मातृभाषा आणि वंश विचारला. लोकांनी ‘जर्मन’ लिहावे आणि देश गिळायला निमित्त मिळावे, हा डाव होता. भूमिगत गटांनी तिन्ही रकान्यांत ‘लक्झेंबर्गी’ लिहायचे आवाहन घरोघरी पोहोचवले. चाचपणीत कौल इतका स्पष्ट दिसला की जनगणनाच गुंडाळावी लागली. पुढच्या वर्षी सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध संप झाला, तेव्हा मात्र २१ जणांना मृत्युदंड दिला गेला.

एवढे सोसलेल्या माणसांच्या भाषेला कुणाची तरी बोली म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे आहे. १९८४ च्या कायद्याने ती राष्ट्रभाषा झाली. कायदे फ्रेंचमध्ये लिहिले जातात; संसदेतल्या चर्चा मात्र मुख्यतः लक्झेंबर्गीतच होतात.