टायरमधली हवा आणि जमिनीखालची भिंत

यान्बूचे नाव काढले की सौदीतल्या मराठी मंडळींना दोनच गोष्टी आठवतात : रिफायनरी आणि प्रवाळ. अब्कैकहून सुमारे १,२०० किलोमीटर वाळवंट ओलांडून आलेली तेलवाहिनी इथे तांबड्या समुद्राला भेटते, आणि सुट्टीच्या दिवशी त्याच समुद्रात डुबकी मारायला लोक जेद्दाहहून येतात. समुद्राकडे पाठ करून सहसा कोणी उभे राहत नाही. तुम्ही आत्ता घरबसल्या राहून पाहा. फोनवर उपग्रहाचा नकाशा उघडा आणि यान्बूपासून उत्तरेकडे बोट सरकवा. सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, किनाऱ्यावरच्या उम्लुज गावाच्या पूर्वेला, फिकट तपकिरी डोंगरांवर शाईची दौत लवंडल्यासारखा एक काळा डाग दिसेल. डागाला बोटे फुटलेली आहेत आणि ती दऱ्यांमधून खाली उतरली आहेत. हा हर्रत लुनैयिर. हर्रा म्हणजे अरबीत काळ्या लाव्हाने झाकलेला प्रदेश.

जानेवारीत गुरुवारची रजा टाकून आणि शुक्र-शनि जोडून आम्ही सातजण तीन गाड्या घेऊन तिथे गेलो. दोन रात्री तंबूत. सोबत माणशी दिवसाला आठ लिटर पाणी, भाकरीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि एक कंप्रेसर. या यादीत सर्वांत मोलाचे काय, असे विचाराल तर पाण्यानंतर मी कंप्रेसरचे नाव घेईन.

डांबरी रस्ता सोडला की पहिले काम टायरमधली हवा सोडण्याचे. नव्या माणसाला हे उलटे वाटते. पण गणित सोपे आहे. सामानासकट गाडीचे वजन अडीच टन धरा, म्हणजे एका चाकावर सव्वासहाशे किलो. टायरमध्ये ३५ पीएसआय दाब असेल तर तो होतो दर चौरस सेंटीमीटरला जवळपास अडीच किलो. रबराचा ताठरपणा बाजूला ठेवला, तर गाडी तोलायला चाकाचा जमिनीला टेकलेला भाग अडीचशे चौरस सेंटीमीटर हवा. हे ए-फोर कागदाच्या अर्ध्याहून कमी. आता हवा १५ पीएसआयवर आणा. वजन तेवढेच, दाब निम्म्याहून कमी, म्हणून टेकलेला भाग जातो सहाशेच्या घरात. जवळपास अख्खा ए-फोर कागद. गंमत म्हणजे हा कागद रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढतो. टायर रणगाड्याच्या पट्ट्यासारखा लांबट टेकतो आणि वाळूच्या कणांना बाजूला ढकलण्याऐवजी त्यांच्यावरून जातो.

वाळू ही मोठी लहरी वस्तू. हळू आणि पसरून दाबलीत तर कण एकमेकांत अडकून घट्ट बसतात. टोचलीत तर बाजूला सरकतात. चाक जागच्या जागी फिरले की ते वाळू मागे फेकते आणि स्वतःसाठी खड्डा खणते. करकचून ब्रेक मारला तर चाकापुढे वाळूची पाचर तयार होते आणि पुढच्या वेळी गाडी तीच चढायचा प्रयत्न करत बसते. सकाळी किनाऱ्याजवळची वाळू घट्ट लागते, दुपारी तीच भुसभुशीत होते, कारण रात्रीच्या दवाने कणांमध्ये पाण्याचे सूक्ष्म पूल बांधलेले असतात आणि उन्हात ते तुटतात. समुद्रकिनाऱ्यावर किल्ला बांधलेल्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको.

या सगळ्याचा शास्त्रीय पाया मित्रांच्या अशाच सहलींतून घातला गेला, हे मला फार आवडते. राल्फ बॅग्नॉल्ड हा ब्रिटिश लष्करी अभियंता १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९३०च्या सुरुवातीला सोबत्यांना घेऊन फोर्ड गाड्यांतून इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात हिंडत असे. टायरची हवा कमी करणे, रुतलेल्या चाकाखाली पोलादी पन्हळी सारणे, होकायंत्र गाडीच्या लोखंडाने फसते म्हणून सूर्याच्या सावलीने दिशा धरणे, हे उद्योग त्याने नीट बसवले. निवृत्त झाल्यावर त्याने वाऱ्याचा बोगदा उभारून वाळूचे कण कसे उडतात ते मोजले आणि १९४१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. टेकड्या कशा सरकतात याच्या अभ्यासात तो ग्रंथ आजही उघडावा लागतो, मंगळावरच्या टेकड्यांसाठीसुद्धा. हौसेला मोल नसते म्हणतात. इथे मात्र हौसेचे शास्त्र झाले.

पहिल्या दुपारी आम्ही किनारपट्टी सोडून एका वादीत शिरलो. वादी म्हणजे कोरडी नदी. तळाशी सपाट रेती, दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे आणि त्याच्या भाईबंदांचे डोंगर, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या अरबी भूखंडाचा हा पाया. जागा इतकी मऊ आणि आडोशाची की तंबू तिथेच ठोकावा असे कोणालाही वाटेल. कृपया ठोकू नका. उघड्या खडकावर पाऊस मुरत नाही, झाडे त्याला अडवत नाहीत, आणि वीस-तीस किलोमीटर वर पडलेली सर तुमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असताना वादीतून लोंढा बनून येते. नोव्हेंबर २००९ मध्ये जेद्दाहला काही तासांच्या पावसात शंभराहून अधिक माणसे गेली, तीही शहरात. वाटेत भेटलेल्या एका उंटवाल्या आजोबांना आम्ही पुढची वाट विचारली, तर त्यांनी आधी काठीने वादीच्या काठावरचा उंचवटा दाखवला आणि मग वाट सांगितली. आम्ही मुकाट्याने त्या उंचवट्यावर गेलो.

रात्री तापमान भराभर उतरले. हवेत बाष्प नाही, ढग नाहीत, त्यामुळे जमिनीची उष्णता सरळ आकाशात निघून जाते. अकराच्या सुमारास दक्षिण क्षितिजाच्या थोडा वर, जेमतेम बारा अंशांवर, एक ठसठशीत तारा उभा होता. हा आपला अगस्ती, अरबांचा सुहैल. आपल्याकडे अगस्तीचा उदय म्हणजे पाऊस सरत आला आणि पाणी निवळू लागले; इथे ऑगस्टच्या अखेरीस सुहैल दिसला की उन्हाळ्याचे कंबरडे मोडले असे समजतात. (लंडन-बर्लिनच्या वाचकांनी हेवा करायला हरकत नाही, तुमच्या क्षितिजावर तो कधी येतच नाही.)

दुसऱ्या दिवशी वादीच्या एका वळणावर रंग बदलला. फिकट डोंगरांच्या मधून काळ्या दगडांची जीभ खाली आली होती. इथे गाड्या थांबवून टायरमध्ये पुन्हा हवा भरली. वाळूत जे तुम्हाला तारते तेच इथे घात करते, कारण हवा कमी असली की टायरच्या बाजू फुगून बाहेर येतात आणि लाव्हाच्या कडा त्या सुरीसारख्या कापतात. बाजूने फाटलेला टायर पंक्चरच्या चिकटपट्टीने सांधत नाही. आमच्या तिसऱ्या गाडीचा एक टायर हवा भरूनही गेलाच, आणि अशा वाटेवर दोन जादा चाके का न्यावीत हे सगळ्यांना कळले. पुढचे वीस किलोमीटर आम्ही माणसाच्या चालीने कापले. एकजण पुढे चालत दगड बघायचा आणि मागून गाडी.

चालण्याचा फायदा असा की दगड हातात घेता येतो. तुम्ही पुण्यात, नाशकात, औरंगाबादेत वाढला असाल तर हा दगड तुमच्या ओळखीचा आहे. बेसाल्ट. सह्याद्रीचा कातळ, वेरुळची लेणी, घराच्या पायातला काळा दगड, सगळा हाच. फरक वयाचा. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा; अरबस्तानातल्या या लाव्हाक्षेत्रांची सुरुवात तीन कोटी वर्षांच्या आतली आहे आणि ती अजून संपलेली नाहीत. इथे पन्नासेक शंकू आहेत आणि एखादा उद्रेक हजारेक वर्षांपूर्वीचाच असावा असे मानतात. दगडातली भोके बघा. लाव्हातून वायू निसटताना झालेली ही भोके लुनैयिरमध्ये रिकामी आहेत, बोट घातले तर खरखरीत लागतात. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये त्यांत पाणी झिरपत राहिले आणि झिओलाइटचे पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक भरले. पुणे-जळगावचे ते स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. त्याच पाण्याने कातळ कुजवून कापसाची काळी जमीन केली. इथे पाणी नाही, म्हणून दगड अजून दगडच आहे.

आम्हाला पाहायची होती ती भेग. एप्रिल ते जून २००९ या काळात या भागात ३०,००० हून अधिक भूकंप झाले. बहुतेक बारीक, पण १९ मे रोजी ५.४ तीव्रतेचा एक मोठा बसला आणि जमीन फाटली : आठ किलोमीटर लांब भेग, एक बाजू दुसरीपेक्षा सरकली ती ९१ सेंटीमीटरपर्यंत. सरकारने अल-ईस आणि परिसरातून ४०,००० लोकांना हलवले. आता त्या जागी वाऱ्याने वाळू भरत आणली आहे. आम्ही गेलो तेव्हा कंबरेइतकी पायरी काही ठिकाणीच स्पष्ट दिसत होती.

लोक घराबाहेर, खाली काय चालले आहे ते कोणालाच दिसत नाही, आणि प्रश्न साधा : परत जायचे की नाही? सौदी आणि अमेरिकी भूशास्त्रज्ञांनी त्याचे उत्तर मुख्यतः दोन वाटांनी शोधले. एक, भूकंपांचा आवाज ऐकून. खडक तडकतो तेव्हा उच्च वारंवारतेच्या लहरी निघतात. शिलारस सरकतो तेव्हा मंद, खर्जातल्या. इथे दोन्ही एकमेकांवर चढलेल्या सापडल्या. दुसरी वाट उपग्रहाची. रडारने त्याच जागेची काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा नोंद घ्यायची आणि परतलेल्या लहरींची तुलना करायची. जमीन उपग्रहाच्या दिशेने अर्ध्या तरंगलांबीने हलली, म्हणजे त्या वेळच्या युरोपीय उपग्रहासाठी २.८ सेंटीमीटर, की चित्रात रंगाचे एक कडे वाढते. झाडी असली तर पाने हलतात आणि चित्र बिघडते. वाळवंटात ही अडचण नाही, म्हणून लुनैयिरची कडी विलक्षण स्वच्छ आली.

त्यांतून उलगडले ते असे. खालून वर आलेला शिलारस खडक उभा चिरत घुसला होता आणि सुमारे दहा किलोमीटर लांबीची पातळ उभी भिंत होऊन पृष्ठभागाच्या जवळ येऊन थांबला होता. भूशास्त्रात तिला डाइक म्हणतात, मराठीत भित्ती. खडक चिरायला दाब लागतो. दाब ओसरला की शिलारस अडतो, आणि मीटर-दोन मीटर रुंदीची अशी भिंत काही आठवड्यांत गोठते. भूकंप कमी होत गेले. उद्रेकाची आणि मोठ्या धक्क्याची शक्यता या विश्लेषणावरून मांडली गेली आणि तिचा आधार घेऊन लोकांना घरी परतू दिले. हे काम २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातला मोठा निष्कर्ष असा, की तांबडा समुद्र फक्त मध्यावर फाकत नाही, त्याचे काठही अजून ताणले जात आहेत. यान्बू त्याच काठावर आहे. समुद्र रुंदावण्याचा वेग वर्षाला एक-दीड सेंटीमीटर, तुमच्या नखांच्या वाढीहून कमी.

तंबूत यावर बोलताना आमच्यातला धुळ्याचा मित्र एकदम म्हणाला, "अरे, आमच्या गावामागं अशीच भिंत हाय. आम्ही पोरं तिच्यावरून पळायचो." बरोबरच आहे. धुळे-नंदुरबार पट्ट्यात शेतांमधून उभ्या राहिलेल्या काळ्या दगडी भिंती म्हणजे दख्खनच्या काळातल्या भित्तीच. आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि आतली टणक भिंत उघडी पडली. काही तर दहादहा किलोमीटर सलग जातात. लुनैयिरच्या पोटात २००९ मध्ये जे गोठले ते दिसायला असेच असणार, फक्त ते उघडे पाडायला अजून काही लाख-कोटी वर्षांची झीज लागेल. मित्र लहानपणी ज्यावर पळायचा ती वस्तू त्याने पहिल्यांदा इथे समजून घेतली आणि रात्री उशिरापर्यंत तो घरी फोटो मागवत होता. नेटवर्क नव्हते, म्हणून मेसेज दुसऱ्या दिवशी गेले.

मला मात्र तिथे पालघर आठवत होते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत असेच भूकंपांचे मोहोळ उठले. धुंदलवाडीसारख्या गावांत लोक थंडीत बाहेर तंबूत झोपले. खाली शिलारस नाही. दख्खनचा ज्वालामुखी केव्हाच थंड झाला आहे. पण रात्री घरात झोपायचे की बाहेर, हा तिथल्या आईबापांचा प्रश्न अल-ईसच्या माणसांचाच होता, आणि त्यांच्यासाठी झाडीतून जमिनीची हालचाल वाचणे वाळवंटाइतके सोपे नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही अल-ईसमार्गे डांबरी रस्त्याला लागलो. तुम्हाला जायचे असेल तर नोव्हेंबर ते मार्च यांमध्येच जा, आणि एकटी गाडी नेऊ नका. निघण्याआधी वाट व परतण्याची वेळ कोणाला तरी लिहून द्या. इंटरनेटविना चालणारा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. किनाऱ्याजवळ पांढुरकी, मिठागरासारखी सपाट जमीन दिसली तर तिच्यावरून आडवाट काढायचा मोह आवरा. तिला सबखा म्हणतात. वर मिठाची खपली, खाली चिखल, आणि तिथे टायरची हवा कितीही सोडली तरी उपयोग होत नाही. डांबर लागले की मात्र आधी थांबून हवा भरायची. कमी हवेचा टायर वेगात सतत चुरगळतो, तापतो आणि फुटतो. आमच्या कंप्रेसरला बारा चाके भरायला तासभर लागला. तेवढ्यात उरलेल्या पिठाच्या भाकऱ्या झाल्या.