जुनी सुती साडी, चार पदरी

पाणी उकळून प्या, हा सल्ला द्यायला सोपा. बांगलादेशातल्या मतलब भागात मात्र स्वयंपाकालाच जळण पुरायचं नाही, मग कळशीभर पाणी रोज उकळायचं कशावर? तळ्या-नद्यांचं पाणी तसंच पोटात जायचं आणि कॉलऱ्याची साथ परत परत यायची.

अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि त्यांचे सहकारी अन्वर हक यांना उपाय सापडला तो घरोघरच्या जुन्या साड्यांत. तिथल्या बायका सरबत साडीच्या कापडातून गाळतच असत.

पण कॉलऱ्याचा जिवाणू इतका सूक्ष्म, की कुठल्याही कापडाच्या विणीतून तो सहज निसटतो. मग साडी काय अडवणार? जिवाणू नव्हे, त्याचं वाहन. तळ्याच्या पाण्यात कोपेपॉड नावाचे, कोळंबीच्या गोतातले बारीक जीव असतात. कॉलऱ्याचे जिवाणू त्यांच्या अंगाला आणि अंड्यांच्या पिशव्यांना हजारोंनी चिकटून राहतात. कोपेपॉड गाळला, की त्याच्यावरचं सगळं बिऱ्हाड कापडावरच राहतं.

साडी जुनीच हवी. धुऊन धुऊन सुताचे तंतू सैल होतात, फुलतात आणि विणीतली भोकं आणखी बारीक होतात. निदान चार पदरी घडी केली की ती साधारण २० मायक्रॉनवर, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागावर येतात. प्रयोगशाळेत अशा घडीने कोपेपॉडना चिकटलेले सुमारे ९९ टक्के जिवाणू रोखले. गावात रीत अगदी साधी होती: घडी कळशीच्या तोंडावर ताणून बसवायची, कळशी पाण्यात बुडवायची, आणि नंतर कापड खळबळून उन्हात वाळवायचं. शेवटचं खळबळणं गाळलेल्या पाण्यात.

६५ गावं आणि सुमारे १,३३,००० माणसं एवढ्या पसाऱ्यात हा प्रयोग झाला. २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: साडीने पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलरा ४८ टक्क्यांनी घटला होता. पाच वर्षांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा ३१ टक्के स्त्रिया घरचं पाणी अजून गाळून घेत होत्या. मागे कुणाचा तगादा नसताना टिकलेली ही सवय म्हणजे या प्रयोगाचं खरं यश.

तरीही सुटे जिवाणू आणि विषाणू या घडीतून पार होतात. ज्यांना उकळणं शक्य आहे, त्यांनी पाणी उकळावंच.

पाण्यात विरघळलेल्या विषापुढे तर कापडाचा काहीच इलाज नाही. जंतूंचं पाणी टाळायला बांगलादेशात लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या आणि १९९३ मध्ये त्यांच्या पाण्यात आर्सेनिक सापडलं. त्यावर कुष्टियाचे रसायनशास्त्रज्ञ अबुल हुसाम यांनी लोखंडाचा चुरा, वाळू, कोळसा आणि विटांचे तुकडे बादल्यांत रचून ‘सोनो’ फिल्टर बनवला. २००७ मध्ये त्यासाठी त्यांना १० लाख डॉलरचं ग्रेंजर पारितोषिक मिळालं. लोखंड आर्सेनिकला कसं धरून ठेवतं, ते पुढच्या भागात.